कार्डावर नसलेला आजार

यमुनामावशी गेल्याचं तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एका अर्जावर शिक्का मारत होते. सकाळचे साडेदहा वाजले होते. आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलाशी त्या वेळी सगळ्यात जास्त गर्दी असते. ‘मॅडम, आय गेली,’ सुगंधा म्हणाली. मला वाटलं, बाजारात गेली म्हणते आहे. ‘कुठं गेली?’ असं मी विचारलंसुद्धा... पलीकडून उत्तर आलं नाही, नुसता श्वास ऐकू आला, आणि मग कळलं. समोरच्या माणसाचा अर्ज मी तसाच हातात धरून बसले होते. तो बिचारा म्हणाला, ‘मॅडम, काही चुकलंय का त्यात?’

आता पाच-सहा आठवडे झाले. रोज बाजार उठायच्या वेळेला माझी नजर दाराकडे जाते. त्यामुळे ठरवलं, जे आठवतं ते लिहून काढावं. यमुनामावशी पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. नवरा ऐन तरुणपणी गेलेला, एकुलता मुलगा उरणच्या बंदरावर कामाला. तीस वर्षं तिनं त्याच एका जागेवर बसून मासळी विकली. मी योजनेची आरोग्यमित्र, म्हणजे कार्ड घेऊन येणाऱ्या पेशंटला कुठला उपचार योजनेत बसतो ते सांगायचं, कागद जमवायचे, मंजुरीला पाठवायचे, हे माझं काम. नावात मित्र असलं तरी दिवसातून वीस वेळा ‘नाही’ म्हणायची ही नोकरी आहे, हे मला पहिल्या वर्षातच कळलं होतं. आणि त्याची मला सवयही झाली होती.

सात वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्यासमोर आली. दार अंगानं भरून गेलं, असं मला वाटलं होतं. ते तेव्हा मनात आलं याची आज लाज वाटते. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांपाशी तिचं आतडं पोटाबाहेर डोकवायला लागलं होतं, मुठीएवढा गोळा यायचा आणि खोकला आला की कळ मारायची. सर्जननं तपासून कागदावर दोन ओळी लिहिल्या होत्या : हर्निया, आधी वजन कमी करून या. तो कागद आणि प्लास्टिकमध्ये जपलेलं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘मॅडम, वजन उतरवायचं औषद ह्या कार्डावर हाय का?’

यादी न बघताच मी म्हणाले, ‘नाही.’

‘आपरेशन असतं म्हनं त्याचं. ते?’

‘तेही यादीत नाही, मावशी.’

‘हार्टाचं हाय?’

‘आहे.’

‘किडनीचं?’

‘आहे. डायलिसिसही आहे.’

‘म्हंजे वजनानं हार्ट बिघडलं, किडनी गेली, तर कार्ड चालंल.’ ती कार्ड परत प्लास्टिकमध्ये घालत होती. ‘तवर नाय. मंग आजून थोरी खराब होऊन येते.’

यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच रस्ता समजून घ्यायचा होता, जसं कुणी उरणची गाडी कुठं लागते ते विचारावं. मी इतकी वर्षं ती यादी वापरत होते, पाठ होती मला, पण तिचा असा अर्थ मला कुणी काढून दाखवला नव्हता. तरीही मी तेव्हा काय म्हणाले? ‘मावशी, खाण्यावर जरा ताबा ठेवा.’ ती माझ्याकडे बघून हसली. पुढं ओळख वाढल्यावर मला कळलं की ती पहाटे चहाबरोबर दोन बटर खायची, आणि त्यानंतर दुपारी चार वाजता बाजार उठल्यावर घरी जाऊन भात. मधल्या वेळात पाणीसुद्धा बेतानं, कारण बाजारातल्या बायकांच्या मुतारीच्या दारातून तिला आत जाता यायचं नाही. हे तिनं मला सांगितलं ते ओळख होऊन दोन वर्षं झाल्यावर.

वजन कमी करायचं तर आधी ते किती आहे हे कागदावर हवं होतं. आमचा काटा तिच्यापुढं कामाचा नव्हता. सुई शेवटच्या आकड्याच्या पुढं जाऊन अडकली, आणि नर्सनं तो उचलून आपटून बघितला. रांगेतली माणसं बघत होती. मी घाईत होते, मला रकाना भरायचा होता. मी म्हटलं, ‘मावशी, तुमच्या बाजाराजवळ बर्फाचा कारखाना आहे ना, तिथं मोठा काटा असेल. तिथून चिठ्ठी आणा.’ हे वाक्य मीच म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या नावावर मला ते टाकता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन आली. बर्फाच्या लाद्या तोलायच्या काट्यावर उभी राहून आली होती. कारखान्याच्या छापील चिठ्ठीवर, जिथं मालाचं नाव लिहितात तिथं लिहिलं होतं, यमुना कोळी. आणि पुढं, एकशे अडतीस किलो. खाली शिक्का. ती म्हणाली, ‘त्याला इचारलं, असं तोलून घ्यायला कितीजन येतात? तो बोलला, तूच पयली.’ मी चिठ्ठी फाइलला लावली. सर्जननी फाइल उघडली, चिठ्ठी बघितली आणि मला विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि मग आकडा उतरवून घेतला. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. नवऱ्यानं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले.

पुढचं वर्ष तिचं रक्तदाबात गेलं. वजन आठ-नऊ किलो तिनं उतरवलं, कसं ते तिचं तिला माहीत. मग ऑपरेशनची तारीख मिळाली. पण भुलीच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं आणि तारीख रद्द केली. बीपी फार वर होतं. गोळी वाढवली. दोन महिन्यांनी परत तारीख, परत वर, परत रद्द. गोळी आणखी वाढवली. आणि एका सकाळी सुरमई कापता कापता ती कोयत्यावर वाकली ती तशीच पुढं कोसळली. शेजारच्या बाईनं खांद्याला धरून मागं ओढलं म्हणून वाचली, तरी हाताला खोल चीर गेली. तिला रिक्षातून आमच्याकडे आणलं तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरला ती सांगत होती, ‘मना अंधारी येते, गोळी घेतली का येतेच.’ तो म्हणाला, ‘बीपी बघा तुमचं किती आहे, गोळी बंद करून चालणार नाही.’

तिसऱ्यांदा तारीख रद्द झाली तेव्हा मी तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. माझ्या कामात ते बसत नव्हतं. मी रजा टाकली होती. एसटीनं गेलो, कंडक्टरनं तिला पुढचं आडवं बाक दिलं आणि ती वाटभर खिडकीबाहेर बघत बसली. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, नुकतीच शिकून बाहेर पडलेली असावी. तिनं मावशीचा दंड हातानं चाचपला, टेबलावरचा बीपीचा पट्टा उचलला, परत ठेवला, आणि आत जाऊन दुसरा, चांगला रुंद पट्टा घेऊन आली. मोजलं. मग पाच मिनिटं थांबून परत मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘यांचं बीपी जवळजवळ ठीक आहे. लहान पट्टा मोठ्या दंडाला लावला की आकडा खोटा वर जातो. या इतक्या गोळ्या कुणी दिल्या?’

मावशीला आधी समजलंच नाही. तिला ते नीट समजावून सांगितल्यावर ती आपल्या दंडाकडे बघत राहिली. ‘म्हंजे माजं काय चुकलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘पट्टा तोकरा होता.’ तिच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नंतरही फार वेळा नाही. एक वर्ष, तीन तारखा, हाताची चीर... आणि या सगळ्याला कारण हातभर कापडाचा तुकडा.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनीही तिला जे विचारलं ते आमच्याकडे कुणी विचारलं नव्हतं : तुम्ही उठता किती वाजता, बसता किती तास, खाता कधी. आमच्याकडच्या छापील तक्त्यात ओट्स आणि सॅलड होतं. मावशी तो तक्ता दाखवून म्हणाली, ‘ह्यात मासं कुटंच नाय.’ त्या बाई हसल्या आणि त्यांनी तक्त्याच्या पाठीमागं नव्यानं लिहून दिलं. तांदळाची एक भाकरी, कमी खोबऱ्याचं कालवण, बाजारात दहा वाजता खायला उकडलेलं काहीतरी. तो कागद मावशीनं शेवटपर्यंत पाळला असं मी म्हणणार नाही. मिश्रीही तिनं सोडली नाही, आणि चालायला जा म्हटलं की गुडघे पुढं करायची. पण वजन आणखी उतरलं, आणि सहा महिन्यांनी त्याच रुग्णालयात, त्याच कार्डावर तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

इथं दुसरी कुणी असती तर थांबली असती. मावशी महिन्याभरात माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘तक्रार कुटं करायची असते?’ कुणाविरुद्ध, मी विचारलं. मनात म्हटलं, आता माझं नाव येतंय. ती म्हणाली, ‘मानसाविरुद नाय. पट्ट्याविरुद.’

जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेच्या तक्रारी ऐकणारी समिती बसते. आम्ही अलिबागला गेलो, कर्नाळ्याची खिंड ओलांडून, पेण, वडखळ करत. ती नवी साडी नेसली होती आणि केसात अबोली माळली होती, जशी कुणाच्या लग्नाला निघावी. मी तिचा अर्ज लिहून दिला होता, चांगला दोन पानांचा, कलमांसकट. आत गेल्यावर तो तिनं बाजूला ठेवला. समोर तीन अधिकारी होते. मधले साहेब वयस्कर, चष्मा नाकावर ओढून म्हणाले, ‘बाई, तुमचं ऑपरेशन तर झालंय ना? मग तक्रार काय आहे?’

‘माजं झालं, साहेब,’ मावशी म्हणाली. ‘मी दुसऱ्यांचं सांगाय आले. आमच्याकडं माज्यावानी बाया हाईत, बापये हाईत. ते दवाखान्यात जात नाईत. काटा त्यांना तोलत नाय, पट्टा बसत नाय, डॉक्टर बोलतो कमी खा. मंग ते घरीच रातात. आनी मरायला टेकले का तुमी त्यांना कार्डावर घेता. तवा खर्च तुमचाच होतो ना?’

ती पुढं म्हणाली, ‘जे जे दवाखाने ह्या कार्डाचे, तिथं एक रुंद पट्टा आनी एक मोटा काटा ठेवा. मना बर्फावर तोललंय. दुसऱ्या कुनाला तोलू नका.’

मधल्या साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी विचारलं, ‘बर्फावर म्हणजे?’ आणि तिनं सांगितलं. माझं नाव न घेता सांगितलं. ‘कुनीतरी बोललं’ एवढंच. मी शेजारी उभी होते. परतीच्या गाडीत मी तिला म्हटलं, ‘मावशी, ते मी म्हणाले होते.’ ती म्हणाली, ‘मना म्हाईत हाय. पन तू रजा टाकून मुंबईला आलीस.’ तोवर ती मला मॅडम आणि तुमी म्हणायची. त्या दिवसापासून मी शुभा झाले.

काय झालं शेवटी, असं लोक विचारतात. रुंद पट्टा आमच्याकडे पंधरा दिवसांत आला. मोठा काटा यायला वर्ष गेलं, पण आला, आणि नंतर आसपासच्या इतर रुग्णालयांतही आले असं कानावर आलं. लठ्ठपणावरचा उपचार योजनेत घ्यावा, ही तिची दुसरी मागणी समितीनं वर पाठवली. त्याचं उत्तर माझ्यापर्यंत अजून आलेलं नाही. माझ्या टेबलावरच्या यादीत तो आजार आजही नाही.

पण यादीच्या बाहेर तिनं स्वतःचं एक खातं उघडलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. बाजार आटोपला की आठवड्यातून एक-दोनदा ती कुणाला तरी घेऊन यायची. बेलपाड्याची एक स्वयंपाकीण, जी चार वर्षं डॉक्टरसमोर गेली नव्हती. एक रिक्षावाला, झोपेत श्वास अडकायचा म्हणून दिवसा सिग्नलला डुलक्या घेणारा. ती त्यांच्याबरोबर आत जायची, डॉक्टर ‘वजन कमी करा’ म्हणाले की म्हणायची, ‘ते करंल तो. पन तो आज कशाला आलाय ते इचारा.’ नर्सेस तिला वैतागायच्या, आणि कधी कधी त्यांचं बरोबरही असायचं. एकदा गर्दीच्या दिवशी तिनं एका नव्या नर्सला इतकं फैलावर घेतलं की ती मुलगी रडली. नंतर कळलं, त्या मुलीची काही चूक नव्हती. दुसऱ्या दिवशी मावशी तिच्यासाठी पापलेट घेऊन आली आणि पोरगी शाकाहारी निघाली... त्यानंतर मात्र दोघींची अशी गट्टी जमली की मावशीचं बीपी दुसऱ्या कुणी मोजलेलं तिला चालायचं नाही.

शेवटी शेवटी ती रुक्सानाला घेऊन येत होती. रुक्साना उरणची, शिवणकाम करणारी, मावशीला ‘खाला’ म्हणायची. तिचा नवरा आखातात होता आणि आता परत आलाय. तिलाही हर्नियाच, तिलाही तेच ऐकवलेलं. मावशीनं तिला आमच्याकडे आणलं, आणि या वेळी काटा होता, पट्टा होता, आणि आमच्याच सर्जननी, त्याच सर्जननी, ‘करू’ म्हणून सांगितलं. मंजुरीचे कागद द्यायला त्या दोघी आल्या तेव्हा मावशीच्या पायांवर सूज होती. चपलेचा पट्टा रुतला होता. मी म्हटलं, ‘मावशी, आलाच आहात तर पाय दाखवून जा.’ ती म्हणाली, ‘आज हिचं होऊ दे. माजं पुडल्या आठवड्यात.’ मी टेबलावरून उठले नाही. समोर रांग होती. पुढचा आठवडा तिच्या वाट्याला आला नाही. पहाटे बाजारात निघण्याआधी, चहा उकळत असताना, ती ओट्याशीच खाली बसली. मुलानं गाडी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयच थांबलं, डॉक्टर म्हणाले. जो आजार कार्डावर होता, त्यानंच ती गेली, आणि तेव्हा कार्ड दाखवायलाही वेळ मिळाला नाही.

तेराव्यानंतर मी कोळीवाड्यात तिच्या घरी गेले. सुगंधानं चहा केला. मग तिनं कपाटातून दोन घड्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. जुन्या सुती साड्यांचे शिवलेले लांब अंगरखे होते, पाठीमागं उघडे, बांधायला नाड्या. रुग्णालयात ऑपरेशनच्या आधी घालायला देतात तसे, पण ऐसपैस. ‘दवाखान्याचा झगा आयला बसलाच नव्हता,’ सुगंधा म्हणाली. ‘चादर गुंडाळून नेलं होतं आत. घरी आल्यावर हे शिवले तिनं. कुनाचं आपरेशन असलं का द्यायची. धुऊन परत यायचे.’

मी वॉर्डात क्वचितच जाते. माझं सगळं तळमजल्यावर. माझ्या हातून मंजूर झालेली माणसं वर काय नेसून ऑपरेशनला गेली, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, आणि मावशीनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही. ‘तीन होते,’ सुगंधा म्हणाली. ‘एक उरनला हाय, रुक्सानाकडं. मागून घेऊ का?’

मी म्हटलं, ‘नको. शुक्रवारी तिचं ऑपरेशन आहे.’

शुक्रवारी सकाळी मी टेबलावर पाटी ठेवली, पाच मिनिटांत येते, आणि वर गेले. रुक्साना ट्रॉलीवर बसली होती, निळ्या साडीचा अंगरखा घालून, खांद्यावर बारीक पांढरी फुलं. तिला अगदी बरोबर होत होता. पाठीमागची एक नाडी सुटली होती ती मी बांधली. वॉर्डबॉय ट्रॉली ढकलायला आला तेव्हा तिनं माझा हात धरला आणि विचारलं, ‘मॅडम, खाला तर राहिल्या नाहीत. हा धुऊन आता कुणाकडे देऊ?’

‘माझ्याकडे दे,’ मी म्हटलं.